पुरुषांच्या जननेंद्रियाच्या त्वचेचा दाह : कारणे, निदान आणि उपचार

जांघेत, अंडकोशावर किंवा शिश्नाच्या त्वचेवर खाज सुटणे, आग होणे किंवा लाल चट्टे उठणे ही पुरुषांमधील अतिशय सर्वसामान्य तक्रार आहे. मात्र तिच्याविषयी मोकळेपणाने बोलण्यास बहुतेकजण संकोचतात. परिणामी पहिला सल्ला डॉक्टरांचा नसतो. तो मित्राचा, जाहिरातीचा किंवा औषधाच्या दुकानातील विक्रेत्याचा असतो. साबण बदलला जातो, जंतुनाशक द्रव लावला जातो, नाव ठाऊक नसलेले एखादे मलम आणले जाते आणि महिना उलटला तरी त्रास कायम राहतो. या तक्रारींपैकी अनेकांचे मूळ जंतुसंसर्गात नसते. त्वचेला न मानवणारा एखादा पदार्थ तिच्या संपर्कात आल्याने त्या सुरू झालेल्या असतात. अशा वेळी बरे होण्यासाठी म्हणून लावलेला पदार्थच आजार वाढवीत असतो.

या विकाराला ‘संपर्कजन्य त्वचादाह’ असे म्हणतात. डॉक्टरांच्या बोलण्यात त्याचा उल्लेख ‘कॉन्टॅक्ट डर्माटायटिस’ असा येतो. तो एकाकडून दुसऱ्याला होत नाही आणि तो लैंगिक संबंधातून पसरणारा रोगही नाही. कारण ओळखून ते दूर केल्यास बहुतेक रुग्णांमध्ये तो पूर्ण बरा होतो.

ही त्वचा नाजूक का?

शरीरावरील त्वचा सर्वत्र सारखी नसते. तळहात आणि तळपाय यांची त्वचा जाड असते, तर पापण्या आणि अंडकोश यांची त्वचा अत्यंत पातळ असते. पातळ त्वचेतून बाहेरचे पदार्थ लवकर आत शिरतात. अमेरिकी संशोधक फेल्डमन आणि मायबाक यांनी १९६७ मध्ये हायड्रोकॉर्टिसोन हे औषध शरीराच्या निरनिराळ्या भागांवर लावून किती शोषले जाते याचे मापन केले. कोपरापुढील हाताच्या तुलनेत अंडकोशाच्या त्वचेतून ते सुमारे ४२ पट अधिक शोषले गेले. म्हणजेच हातावर निरुपद्रवी ठरणारे मलम, साबण किंवा रसायन या जागी अपाय करू शकते.

त्यात या भागाची परिस्थितीही दाहाला अनुकूल असते. त्वचेला त्वचा घासते, कपड्यांमुळे हवा खेळत नाही आणि घाम साचून राहतो. ओलसर त्वचा मऊ पडते आणि तिचे संरक्षक आवरण कमकुवत होते. भारतातील उन्हाळा आणि पावसाळ्याचे दमट महिने, तसेच दिवसभर घट्ट गणवेशात किंवा वाहनावर बसून करावे लागणारे काम यांमुळे त्रास वाढतो. कमरेला बांधलेला करगोटा ओला राहिल्यास त्याच्याखालची त्वचाही अशीच सोलवटते.

दाहाचे दोन प्रकार

संपर्कजन्य दाहाचे दोन मुख्य प्रकार मानले जातात. पहिला प्रकार क्षोभजन्य. यात पदार्थ त्वचेला थेट इजा करतो. पुरेशी मात्रा आणि पुरेसा वेळ मिळाल्यास तो कोणालाही होऊ शकतो. तीव्र साबण, जंतुनाशक द्रव, केस काढण्याचे मलम, मूत्राचा सततचा संपर्क ही त्याची उदाहरणे होत. यात खाजेपेक्षा आग आणि चुरचुर अधिक असते व लक्षणे काही मिनिटांत किंवा तासांत दिसू लागतात.

दुसरा प्रकार ॲलर्जीजन्य. यात शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा एखाद्या विशिष्ट पदार्थाला शत्रू समजू लागते. असा पदार्थ महिनोन्‌महिने वापरूनही काही होत नाही आणि एके दिवशी अचानक त्रास सुरू होतो. एकदा ही संवेदनशीलता निर्माण झाली की ती सहसा दीर्घकाळ टिकते. त्यानंतर त्या पदार्थाचा अल्पसा स्पर्शही एक ते तीन दिवसांत खाज, लाली, सूज आणि बारीक पाणीदार फोड निर्माण करतो. संपर्क आणि लक्षणे यांत दिवसांचे अंतर असल्यामुळे रुग्णाच्या लक्षात खरे कारण येत नाही. कालपरवा खाल्लेल्या पदार्थावर किंवा हवामानावर दोष जातो.

शिश्न आणि अंडकोश यांची त्वचा सैल असल्याने तेथे सूज लवकर येते आणि ती भयावह वाटू शकते.

इतिहासातील नोंदी

शरीराच्या या भागाचा त्वचाविकार आणि रोजच्या वापरातील पदार्थ यांचा संबंध वैद्यकाला फार पूर्वी दिसला. लंडनमधील शल्यचिकित्सक पर्सिव्हल पॉट यांनी १७७५ मध्ये धुराडी साफ करणाऱ्या कामगारांच्या अंडकोशाच्या कर्करोगाचे वर्णन केले आणि त्याचा संबंध त्वचेच्या घड्यांत साठून राहणाऱ्या काजळीशी जोडला. व्यवसायामुळे होणाऱ्या कर्करोगाची ही पहिली नोंद मानली जाते. १८९५ मध्ये योझेफ याडासोन या जर्मन त्वचारोगतज्ज्ञाने पाऱ्याच्या औषधामुळे झालेला दाह, तोच पदार्थ त्वचेवर पट्टीने लावून सिद्ध केला. आजही वापरात असलेल्या ‘पॅच टेस्ट’ची ती सुरुवात होती.

भारताशी निगडित असलेली नोंद बिब्ब्याची आहे. बिब्ब्याच्या फळातील काळा रस कपड्यावर न पुसली जाणारी खूण उमटवितो. म्हणून परीट मंडळी कपडे ओळखण्यासाठी त्याचा वापर करीत. दुसऱ्या महायुद्धात भारतात असलेल्या अमेरिकी सैनिकांच्या त्वचेवर, जेथे कपड्यावरील ही खूण टेकत असे नेमक्या तेथेच, दाह आढळला. १९४३ मध्ये अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात ‘धोबी मार्क डर्माटायटिस’ या नावाने त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले. याउलट ‘धोबी इच’ हे नाव इंग्रजीत जांघेतील नायट्यासाठी रूढ झाले, तो बुरशीचा आजार आहे. नावे जवळची असली तरी आजार दोन आहेत आणि त्यांचे उपचारही वेगळे आहेत. हाच गोंधळ आजही रुग्णांच्या बाबतीत घडताना दिसतो.

नेहमीची कारणे

स्वच्छतेचा अतिरेक हे या दाहाचे एक महत्त्वाचे आणि दुर्लक्षित कारण आहे. ब्रिटनमध्ये १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शिश्नाग्राला वारंवार दाह होणाऱ्या ४३ रुग्णांची तपासणी करण्यात आली. त्यांपैकी ७२ टक्के रुग्णांमध्ये क्षोभजन्य दाहाचे निदान झाले आणि त्यांच्यात साबणाने वारंवार धुण्याची सवय अधिक आढळली. संसर्गाच्या भीतीने, विशेषतः शरीरसंबंधानंतर, साबण किंवा जंतुनाशक द्रवाने पुन्हा पुन्हा धुणे त्वचेवरील नैसर्गिक स्निग्धता काढून टाकते.

सुगंधी पावडर, दुर्गंधीनाशक फवारे आणि ओल्या पुसण्या हेही दाहाचे कारण ठरतात. ओल्या पुसण्यांमध्ये वापरले जाणारे मिथाइलआयसोथायाझोलिनोन हे परिरक्षक रसायन ॲलर्जीसाठी कुप्रसिद्ध आहे. त्वचेवर तसेच राहू दिल्या जाणाऱ्या सौंदर्यप्रसाधनांमध्ये त्याच्या वापरावर युरोपीय संघाने २०१७ पासून बंदी घातली आहे.

कपड्यांमध्ये धुण्याच्या पावडरीचा राहिलेला अंश, कृत्रिम धाग्यांचे गडद रंग आणि अंतर्वस्त्राच्या पट्ट्यातील रबर यांचा त्रास होऊ शकतो. रबराच्या ॲलर्जीत लाल पट्टा नेमका इलॅस्टिकच्या रेषेत उमटतो. निकेल धातूच्या बक्कलमुळे बेंबीखाली चट्टा येतो.

निरोधमुळे होणारा त्रासही निरनिराळ्या कारणांनी असतो. काहींना रबरी लॅटेक्सची, काहींना रबर तयार करताना वापरलेल्या रसायनांची, तर काहींना त्यावरील वंगणाची, सुगंधाची किंवा बधिर करणाऱ्या बेन्झोकेनची ॲलर्जी असते. शुक्राणुनाशक नोनोक्सिनॉल-९ देखील त्वचेला क्षोभ देते. जोडीदाराने वापरलेले मलम किंवा गर्भनिरोधक यांमुळेही पुरुषाला दाह होऊ शकतो. अशा वेळी निरोध वापरणे थांबविणे हा उपाय नव्हे. पॉलियुरेथेनसारख्या अन्य पदार्थाचा किंवा सुगंधविरहित निरोध निवडता येतो. मात्र निरोध वापरल्यानंतर काही मिनिटांतच अंगावर गांधी उठणे किंवा श्वास लागणे ही लॅटेक्सची गंभीर ॲलर्जी असू शकते आणि तिच्यासाठी तातडीने वैद्यकीय मदत आवश्यक असते.

केस काढण्याची मलमे ही तीव्र रसायने असतात. त्यांच्या वेष्टनावर जननेंद्रियाजवळ वापरू नये अशी सूचना बहुधा असते, पण ती वाचली जात नाही. वस्तऱ्याने केस काढल्यावर लगेच लावलेल्या सुगंधी द्रवानेही आग होते.

घरगुती उपचारांचाही या यादीत समावेश करावा लागतो. वाटलेली लसूण, लिंबाचा रस, कापूर किंवा रॉकेल लावल्याने त्वचा अक्षरशः भाजते. ‘झोंबले म्हणजे औषध लागू पडले’ हा समज चुकीचा आहे. झोंबणे ही इजा झाल्याची खूण असते.

हातांवरून पोहोचणारे पदार्थ

अनेकदा त्रासदायक पदार्थ कपड्यांतून येत नाही. लघवीच्या वेळी तो हातांवरून पोहोचतो. काजूच्या टरफलातील तेल याचे ठळक उदाहरण आहे. काजू, आंबा आणि बिब्बा ही एकाच कुळातील झाडे असून काजूच्या टरफलातील तेल त्वचा जाळते. कोकण, गोवा आणि केरळमधील काजूप्रक्रिया उद्योगातील कामगार हाताला राख किंवा तेल लावून स्वतःचा बचाव करतात. परंतु बोटांवरील तेल नाजूक त्वचेपर्यंत पोहोचले तर हाताला काही न होताही तेथे फोड येऊ शकतात.

मिरची कांडणारे, सिमेंटचे काम करणारे, रंगकाम करणारे, यंत्रांना तेल देणारे आणि शेतात कीटकनाशक फवारणारे यांच्या बाबतीतही हे घडते. त्यामुळे शौचालयात गेल्यानंतर हात धुण्याची सवय जशी आवश्यक आहे, तशीच अशा कामगारांनी लघवीला जाण्यापूर्वी हात धुण्याची सवय लावून घेणे हितावह आहे. फवारणीच्या वेळी भिजलेले कपडे ताबडतोब बदलावेत.

प्रत्येक खाज म्हणजे दाह नव्हे

सारख्या दिसणाऱ्या अन्य विकारांपासून हा दाह वेगळा ओळखणे आवश्यक असते. नायटा किंवा गजकर्ण हा बुरशीचा आजार जांघेच्या घडीपासून मांडीकडे पसरतो. त्याची कडा उठावदार व खवलेयुक्त असते आणि मधला भाग तुलनेने स्वच्छ दिसतो. अंडकोश त्यातून बहुधा सुटतो. याउलट संपर्कजन्य दाह अंडकोशावर सहज दिसतो.

खरजेत रात्री खाज वाढते, बोटांच्या बेचक्यांतही पुरळ असते आणि घरातील इतरांनाही खाज सुटते. शिश्नावर व अंडकोशावर लहान गाठी दिसणे हे तिचे वैशिष्ट्य आहे. अशा वेळी कुटुंबातील सर्वांनी एकाच वेळी उपचार घेणे आवश्यक असते.

शिश्नाग्रावर पांढरट थर, लाली आणि खाज वारंवार येत असल्यास रक्तातील साखर तपासून घ्यावी. कित्येकांमध्ये मधुमेहाचे पहिले लक्षण हेच असते. मधुमेहावरील डॅपाग्लिफ्लोझिनसारखी औषधे लघवीवाटे साखर बाहेर टाकतात, त्यामुळेही या जागी बुरशीचा संसर्ग होऊ शकतो. मात्र डॉक्टरांना न विचारता ती बंद करू नयेत.

एखादी गोळी घेतल्यानंतर दरवेळी नेमक्या त्याच जागी काळसर-लाल चट्टा उठत असेल, तर ती औषधाची ॲलर्जी असू शकते. काही प्रतिजैविके आणि वेदनाशामके यांमुळे हे घडते. वेदनारहित जखम हे उपदंशाचे, तर दुखणारे पाणीदार फोड हे नागिणीच्या कुळातील हर्पिसचे लक्षण असू शकते. ही लक्षणे अंगावर काढू नयेत.

मिश्र मलमांचा धोका

भारतात या विकाराला एक वेगळे परिमाण आहे. तीव्र स्टिरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक एकाच नळीत असलेली मलमे वर्षानुवर्षे दुकानात सहज मिळत आली आहेत. त्यांतील स्टिरॉइडमुळे एक-दोन दिवसांत खाज थांबते. त्यामुळे रुग्णाला ते औषध उत्तम वाटते. पण बुरशी असेल तर ती आतल्या आत पसरत राहते आणि तिचे मूळ स्वरूप इतके बदलते की डॉक्टरांनाही ओळखणे कठीण जाते. मलम बंद करताच खाज दुप्पट वेगाने परतते व रुग्ण पुन्हा तीच नळी आणतो.

नाजूक त्वचेवर असे मलम दीर्घकाळ लावल्यास ती आणखी पातळ होते, रक्तवाहिन्या दिसू लागतात आणि मांडीच्या आतल्या बाजूस कायमस्वरूपी पांढरे-जांभळे वळ उमटतात. काहींच्या अंडकोशावर सततची लाली व जळजळ राहते. याशिवाय या मलमांतील निओमायसिन हे प्रतिजैविक स्वतःच ॲलर्जीचे परिचित कारण आहे.

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१८ मध्ये स्टिरॉइड असलेल्या अनेक मलमांचा समावेश डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या ‘शेड्यूल एच’ औषधांत केला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ३२८ मिश्र औषधांवर बंदी घालण्यात आली. त्यांत त्वचेवर लावण्याच्या काही मिश्रणांचाही समावेश होता. भारतीय त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही स्टिरॉइड मलमांच्या गैरवापराविरुद्ध मोहीम चालविली आहे.

हा प्रश्न आता देशापुरता राहिलेला नाही. टर्बिनाफिन या प्रमुख बुरशीनाशकाला अनेकदा दाद न देणाऱ्या नायट्याच्या बुरशीला २०२० मध्ये जपानी संशोधकांनी ‘ट्रायकोफायटन इंडोटिनी’ असे नाव दिले. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमध्येही तिचे रुग्ण नोंदविले गेले.

निदान कसे होते?

निदानाचा सर्वांत महत्त्वाचा भाग म्हणजे सविस्तर माहिती. गेल्या काही महिन्यांत वापरलेले साबण, मलमे, तेले, निरोध, नवी अंतर्वस्त्रे, कामाच्या ठिकाणचे पदार्थ आणि घेतलेल्या गोळ्या यांची यादी डॉक्टरांना द्यावी. वापरलेल्या मलमाची नळी किंवा तिचे छायाचित्र सोबत नेल्यास उपयोग होतो. संकोचाने एखादी गोष्ट लपविल्यास नेमके कारणच निसटण्याची शक्यता असते.

बुरशीची शंका असल्यास त्वचेचे खवले खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले जातात. ॲलर्जीचे कारण शोधण्यासाठी पॅच टेस्ट केली जाते. ही चाचणी जननेंद्रियावर केली जात नाही. निरनिराळे पदार्थ असलेल्या पट्ट्या पाठीवर दोन दिवस चिकटवून ठेवल्या जातात व त्यानंतर काही दिवसांत पुन्हा तपासणी होते. भारतीय परिस्थितीत नेहमी आढळणाऱ्या पदार्थांचा स्वतंत्र संच उपलब्ध आहे.

उपचार आणि काळजी

पहिला उपचार म्हणजे संशयित पदार्थ थांबविणे. सर्व मलमे, पावडरी, फवारे आणि जंतुनाशके बंद करावीत. मात्र तीव्र स्टिरॉइड मलम दीर्घकाळ वापरले असल्यास ते डॉक्टरांच्या सल्ल्याने थांबवावे. ती जागा दिवसातून एकदा साध्या किंवा कोमट पाण्याने धुवावी. कढत पाणी टाळावे. मऊ कापडाने न घासता टिपून घ्यावे. पाणी वाहत असलेल्या पुरळावर थंड पाण्यात भिजविलेली स्वच्छ सुती घडी दहा-पंधरा मिनिटे ठेवल्यास आराम पडतो. कोरड्या त्वचेवर सुगंधविरहित पेट्रोलियम जेलीचा पातळ थर पुरेसा असतो.

सैल सुती अंतर्वस्त्रे वापरावीत. ती दोन वेळा स्वच्छ पाण्यातून काढून उन्हात पूर्ण वाळवावीत. ओली किंवा घामेजलेली वस्त्रे अंगावर ठेवू नयेत. नखे आखूड ठेवावीत, कारण खाजविल्याने त्वचा जाड होते आणि जाड त्वचा अधिक खाजते. हे चक्र वर्षानुवर्षे चालू शकते.

प्रौढ पुरुषांनी शिश्नाग्रावरील त्वचा मागे घेऊन रोज पाण्याने स्वच्छता करावी व त्वचा पुन्हा पूर्ववत पुढे आणावी. लहान मुलांची ही त्वचा बळजबरीने मागे ओढू नये. अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांमध्ये मूत्राच्या संपर्काने दाह होतो. त्यांचे डायपर वेळेवर बदलणे आणि त्वचेवर जस्ताच्या मलमाचा संरक्षक थर देणे उपयुक्त ठरते.

डॉक्टर आवश्यकतेनुसार सौम्य स्टिरॉइड मलम थोड्या दिवसांसाठी किंवा टॅक्रोलिमससारखे स्टिरॉइडविरहित औषध देतात. ते सांगितलेल्या प्रमाणात आणि तेवढेच दिवस वापरावे. उरलेली नळी पुढच्या वेळेसाठी किंवा घरातील दुसऱ्या व्यक्तीसाठी राखून ठेवू नये.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

कारण दूर करूनही एक-दोन आठवड्यांत सुधारणा नसेल, जखम, पू किंवा स्राव असेल, जांघेत गाठ आली असेल अथवा लघवीला त्रास होत असेल तर तपासणी करून घ्यावी. भरून न येणारा व्रण किंवा कडक चट्टा असल्यास कर्करोगाची शक्यता तपासणे आवश्यक असते.

झपाट्याने वाढणारी सूज, असह्य वेदना, ताप आणि त्वचा काळी पडणे ही लक्षणे, विशेषतः मधुमेही रुग्णात, जीवघेण्या संसर्गाची असू शकतात. अशा वेळी तत्काळ रुग्णालय गाठावे. मागे घेतलेली त्वचा सुजून पुढे येत नसल्यास तेही तातडीचे प्रकरण समजावे.

सरकारी रुग्णालयांच्या त्वचारोग विभागांत, तसेच लैंगिक आजारांसाठीच्या ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये या तक्रारींची तपासणी होते. एचआयव्ही आणि लैंगिक आजारांविषयी शंका असल्यास राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या १०९७ या निःशुल्क दूरध्वनी क्रमांकावर माहिती मिळते.

चेहऱ्यावर पुरळ उठल्यास जो माणूस विनासंकोच डॉक्टरांकडे जातो, त्याने याही त्वचेच्या बाबतीत तसेच करणे श्रेयस्कर आहे. बहुतांश रुग्णांच्या बाबतीत नवे औषध सुरू करण्यापेक्षा जुना पदार्थ बंद करणे हाच उपचाराचा मुख्य भाग असतो. मात्र तो पदार्थ कोणता, हे कळण्यासाठी तक्रार प्रथम सांगितली गेली पाहिजे.